शिकाऊ हातचं कुलूप

१

गुरुवारी सकाळी शालिकराम काकांनी कपाट उघडलं, मधल्या फळीवर हात घातला, आणि हात तिथंच राहिला.

"इथंच होतं," ते म्हणाले. "शनिवारी मीच ठेवलं."

दारात चंद्रभान ड्रायव्हरच्या वकिलाचा माणूस उभा होता. आम्ही त्याले स्टूल दिलं होतं, पण तो बसला नव्हता. कोर्टात नेऊन द्यायचं एक पुस्तक घ्यायचं, सही करायची, निघायचं. दोन मिनिटांचं काम. आता तो बसला.

मी समोरच्या टेबलावर टाइप करून राहिलो होतो. माझे हात थांबले. अख्खं ऑफिस थांबलं. ऑफिस म्हणजे काय, वाडीत अमरावती रोडवरचं ट्रान्सपोर्टचं गोदाम, त्याच्या कोपऱ्यात फळ्या ठोकून केलेली खोली, चार टेबलं आणि ते एक लाकडी कपाट. कंपनीचं नाव लिहीत नाही. साल त्र्याहत्तर, डिसेंबर महिना.

हरवलं होतं ते एक ट्रिपबुक. फेरी झाली की ड्रायव्हर त्यात लिहिते, कुठून कुठं गेलो, गाडीत काय बिघाड आहे. चंद्रभान भाऊनं लिहिलं होतं, 'ब्रेक धरत नाही. गाडी काढू नये.' खाली मॅनेजर महादेवरावांनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'एवढी फेरी करून या, मग पाहू.' आणि सही. त्याच फेरीत नाक्यापाशी एक सायकलवाला गाडीखाली आला. जागेवरच गेला.

सोमवारी सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात तारीख होती. ते पान असलं तर दोष मॅनेजरपर्यंत जाणार होता. नसलं तर चंद्रभान भाऊ एकटा जेलात.

मॅनेजरनं ते पुस्तक काकांले आधी एकदा मागून पाहिलं होतं. काका म्हणाले होते, "कोर्टानं मागितलं, कोर्टालेच देईन." साऱ्या गोदामानं ऐकलं होतं ते. कपाट सांभाळायचं काम काकांचं, किल्ली एकच, ती त्यांच्या करदोड्याले. आंघोळीलेही काढत नसत. आणि कुलपावर एक ओरखडा नाही.

महादेवराव टेबलावरून उठून आले. कपाटाकडे पाहिलंच नाही त्यांनी, माझ्याकडे पाहिलं.

"गोविंदा, हे कुलूप तूच बसवलं ना?"

"हो साहेब."

"बिना किल्लीचं उघडते?"

"नाही साहेब."

"दुसऱ्या किल्लीनं?"

"शक्यच नाही साहेब. मी स्वतः आतून भरलं आहे ते."

बाजूच्या टेबलावरचा बाबाराव क्लर्क हसला. "झालं! इंजिनिअर बोलला."

मी छाती फुगवून बोललो होतो, हे खोटं कशाले सांगू. त्या टेबलांमध्ये माझ्याजवळ तेवढीच एक गोष्ट होती जी दुसऱ्या कोणाले येत नव्हती.

"ऐकलं शालिकराम?" महादेवराव म्हणाले. "किल्ली एक, कुलूप पक्कं. मग पुस्तक एक तर तुम्ही विकलं, नाही तर ते कधी नव्हतंच. दोन्हीपैकी काय ते सांगा, आणि किल्ली इथं ठेवा."

काकांनी सदरा वर केला आणि करदोड्याची गाठ सोडायले लागले. गाठ सुटेना. बाबारावनं आपली कैची दिली.

२

कुलपाचा नाद मले कसा लागला ते सांगतो, काहून की सगळं तिथूनच आहे.

गड्डीगोदामच्या एका कबाड्याकडे जुन्या सरकारी टेबलांची तीन कुलपं भेटली. पिनवाली, एकाच जातीची. कोणी शिकवणारं नव्हतं, घरी उघडून पाहत बसलो. कुलूप तसं सोपं असते. आत एक पितळी नळी. नळीत पाच भोकं, भोकात पाच पिना, कोणी लांब कोणी लांडी. त्यांच्यावर आणखी पाच पिना आणि स्प्रिंगा, त्या वरून दाबतात. बरोबर किल्ली घातली की खालच्या पाचही पिनांची डोकी नळीच्या पाठीशी सारखी येतात आणि नळी फिरते. एक जरी वरखाली राहिली की अडली.

पहिल्याच दिवशी नळी सरळ ओढून काढली. तिच्यामागं तेवढ्याच जाडीची काडी सरकवत न्यायची असते हे कोणाले माहीत! स्प्रिंगा उडाल्या. एक माझ्या आईच्या, मनकर्णाबाईच्या, दाताखाली आली, वरणात.

"पुढच्या वेळी फोडणीतच टाकजो," आई म्हणाली.

नंतर पिना उलट्या भरल्या. मग स्प्रिंग विसरलो. मग सगळ्यात मोठं येडेपण केलं. एकाच पेपरवर दोन कुलपं उघडली आणि दोन्हींच्या पिना मिसळल्या. काय करणार? किल्ली घालून एकेक पिन टाकून पाहत बसलो. उंच झाली तर कानशीनं घासली. कमी पडली तर तिच्यावर छोटीशी टिकली ठेवून उंची भरली. टिकल्या तिसऱ्या मोडक्या कुलपातून कापल्या. तीन रविवार गेले. शेवटी दोन्ही कुलपं आपापल्या किल्लीनं फिरली तेव्हा मी उठून नाचलो.

ऑफिसच्या कपाटाचं कुलूप बिघडलं तेव्हा त्यातलं एक तिथं बसवलं. दुसरं घरच्या पेटीले.

बाबा तेव्हा गोदामातच होता. माझा बाबा, आनंदराव, हमालांचा मुकादम. तीस वर्षं पाठीवर पोती, मग मुकादम. त्यानं हमालांले बोलावून दाखवलं होतं, "पाहा गा, माह्या पोरानं केलं."

गुरुवारी महादेवरावांनी हुकूम दिला की ते कुलूप काढून बाजारातलं नवीन बसव. जुनं कुलूप आणि काकांची किल्ली त्यांनी माझ्या अंगावर फेकली. "घे. खेळ."

मी ते रुमालात बांधून घरी नेलं. संध्याकाळी नेहमीप्रमाणं वंदना झाली. बाबा छप्पन साली दीक्षेले होता. तेव्हापासून आमच्याकडे रोज दिवेलागणीले मेणबत्ती लागते आणि पंचशील होते. बाबा पुढं म्हणते, आम्ही मागं. त्या दिवशी दुसऱ्या ओळीले बाबाले खोकला आला. आईनं ओळ पुढं ओढून नेली.

खोकला तर काय, थंडीचे दिवस.

३

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी काकांच्या खोलीवर गेलो. दत्तवाडीत राहत होते, एकटेच. खाटेवर बसून होते, हात करदोड्यावर, जिथं किल्ली असायची तिथं.

"तू आला?" ते म्हणाले. "मले वाटलं, कोणी येणार नाही."

"काका, मी ते मुद्दाम नाही बोललो."

"खरं तेच बोलला. तुझं कुलूप चांगलंच असंन. मग मी येडा झालो असंन."

मी विचारत गेलो, ते सांगत गेले. शनिवारी पुस्तक पाहिलं, ठेवलं, कुलूप लावलं. सोमवार-मंगळवार ते मौद्याले होते, साळ्याच्या तेरवीले. किल्ली अंगावरच. बुधवारी आले, कामावर बसले. पुस्तक पाहिलं नाही, गुरुवारीच काढायचं होतं.

"बुधवारी कपाटात काही वेगळं दिसलं?"



"कार्बनचा डबा," ते म्हणाले. "मी खालच्या फळीवर ठेवतो. वरच्या फळीवर होता. म्हणलं मीच ठेवला असंन. आता ह्या वयात काय काय मीच केलं असंन, मले सांगता येत नाही."

शनिवारी मी बाबारावले धरलं. तो कपाटाले पाठ टेकून बसते. कपाटाजवळ कोणी गेलं तर त्यालेच कळणार.

"माह्यावर काहून आला बे?" तो म्हणाला. "माह्याजवळ किल्ली आहे का? मॅनेजरजवळ आहे का? त्याले पुस्तक पाह्यजे होतं, हे तर कुत्र्यालेही माहीत आहे. पण त्याच्याजवळ किल्ली असती तर म्हाताऱ्याले मागितलं काहून असतं?"

"सोमवार-मंगळवारी कोणी आलं कपाटापाशी?"

"सोमवारी कोणी नाही. मंगळवारी मी दिवसभर इथं नव्हतो. मी कुठं होतो माहीत आहे? बाहेर टपरीवर. तू सकाळपासून तीन-तीन कॉप्या काढून राहिला होता, टकटक टकटक. डोकं उठलं होतं माहं. तुलेच दिसलं असंन कोणी आलं तर."

मले कोणी दिसलं नव्हतं. टाइप करताना मी मान वर करत नाही.

म्हणजे मॅनेजरले कारण होतं, किल्ली नव्हती. काकांजवळ किल्ली होती, कारण नव्हतं. बाबाराव जवळ बसत होता, पण दोन्ही नव्हतं. कपाट आपोआप तर उघडत नाही.

आणि बाहेर गेटपाशी चंद्रभान भाऊची बायको माझी वाट पाहत उभी होती.

४

प्रेमलता वहिनी रडणारी बाई नव्हती. कडेवर लहान पोरगी, हातात भाऊच्या डब्याची पिशवी. भाऊ आत होता, जामीन नव्हता झाला.

"तू तो कुलूपवाला ना?"

"हो वहिनी."

"तू म्हणलं, दुसऱ्या किल्लीनं उघडत नाही."

"नाहीच उघडत."

"कोणकोणत्या किल्ल्या लावून पाहिल्या होत्या?"

मले प्रश्नच समजला नाही. "त्याचीच लावली. फिरलं. बरोबर फिरलं."

"त्याचीच?" ती म्हणाली. "बस?"

"मग आणखी कोणती लावणार?"

तिनं पोरगी दुसऱ्या कडेवर घेतली. "म्हणजे घरच्या माणसाले दार उघडते, एवढं पाहिलं तू. चोराले उघडते का, ते पाहिलंच नाही. आणि तेवढ्यावर म्हाताऱ्याले चोर केलं."

मी निघायले वळलो.

"माह्या माणसानं ब्रेक नाही म्हणून लिहून दिलं होतं," ती म्हणाली. "त्यानं चार डाव पाहिलं, मग लिहिलं. तू एकडाव पाहिलं आणि छाती फुगवली. जा, घरी जाऊन पाह्य."

५

घरी जाऊन रुमाल सोडला. ह्या वेळी नळीमागं काडी सरकवत नेली, एकही स्प्रिंग उडाली नाही. आता हात बसला होता. आता बसून काय फायदा.

आईच्या ताटात नळीच्या पाच भोकांतलं पाच ठिकाणी ओतलं.

तीन भोकांत खालची एकेकच पिन. दोन भोकांत लांडी पिन आणि तिच्यावर टिकली. माझ्याच कानशीच्या खुणा त्याच्यावर.

मी एक टिकली चिमटीत धरून उजेडाले नेली.

काकांची किल्ली घातली की टिकलीचं डोकं नळीच्या पाठीशी येत होतं. नळी फिरत होती. ते मी पाहिलं होतं. पण पिन आणि टिकली ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांच्यामध्येही एक फट आहे. एखादी किल्ली त्या लांड्या पिनेले जरा जास्त उचलंन, तर टिकली वर निघून जाईन, पिनेचं डोकं पाठीशी येईन, आणि नळी तेव्हाही फिरंन. कुलपाले एक किल्ली ओळखायले शिकवायचं होतं, मी दोन शिकवल्या होत्या.

शिकाऊ माणूस उंची भरायले टिकली टाकते. जाणता माणूस पिनच बदलते. काहून बदलते ते मले आज कळलं.

मग ती दुसरी किल्ली कोणती? सगळ्या जगातली कोणतीही नाही. त्या दोन लांड्या पिना ज्या कुलपाच्या होत्या, त्याच कुलपाची. एकाच पेपरवर मिसळलेल्या पिना. दुसऱ्या कुलपाची किल्ली ह्या पिनांसाठीच घडवलेली होती. बाकी तीन दाते दोन्ही किल्ल्यांचे सारखेच होते, एकाच जातीची कुलपं.

दुसरं कुलूप आमच्या घरच्या पेटीले होतं. मी बसलो होतो तिथून दिसत होतं.

मी स्वतःले म्हणलं, थांब. किल्ली लागू शकते म्हणजे लावली असं नाही. कोणी लावली ह्याले पुरावा पाह्यजे. आणि मग मले बाबारावची टकटक आठवली. मंगळवारी मी तीन-तीन कॉप्या काढून राहिलो होतो. कॉपी कार्बनशिवाय निघत नाही. कार्बन त्याच कपाटात असते. मंगळवारी काका मौद्याले होते, किल्ली त्यांच्या अंगावर, आणि माझ्या टेबलावर कोरा कार्बन होता.

मंगळवारी सकाळी महादेवराव माझ्यावर ओरडले होते, "कार्बन नाही म्हणून पत्रं थांबवतो काय?" मी मान खाली घालून बसलो होतो. थोड्या वेळानं कोणीतरी टेबलावर कार्बन आणून ठेवला होता. मी मान वर केली नव्हती. हात तेवढा दिसला होता. त्या हाताच्या अंगठ्याले हमालाच्या हुकाची जुनी खूण होती.

आणि बुधवारी. बुधवारी माझी पर्मनंटची ऑर्डर भेटली. त्या सकाळी बाबा माझ्या आधी उठला होता. आंघोळीच्या पाण्याचा गंज, ते मोठं पातेलं, त्यानं स्वतः चुलीवर चढवला होता. जन्मात पहिल्यांदा. आई हसली होती, "आज सूर्य कुठून निघाला गा?"

६

रविवारी सकाळी बाबा उंबऱ्यावर उन्हात बसला होता, हुक घासत.

"बाबा, पेटीची किल्ली दे."

त्यानं काहून म्हणून विचारलं नाही. बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली, डबीतून किल्ली काढली, दिली.

"ते कुलूप जोडलं का परत?" तो म्हणाला.

कोणतं कुलूप, हे मी बोललो नव्हतो.

मी त्याच्याजवळ बसलो, कुलूप मांडीवर घेतलं, पेटीची किल्ली घातली. फिरली. काकांच्या किल्लीनं फिरायची त्याच्यापेक्षाही मऊ फिरली.

आई आत भाकरी थापून राहिली होती. बाबा हळू आवाजात बोलला.

"साहेब तुले सगळ्यांसमोर बोलून राहिला होता, कार्बनवरून. मले पाह्यवलं नाही. म्हणलं दोन्ही कुलपांची तोंडं सारखी दिसतात, लावून तर पाहू. उघडलं. मीच भ्यालो गा."

"साहेबानं पाहिलं?"

"पाहिलं. तेव्हा काही बोलला नाही. संध्याकाळी बोलावलं. टेबलावर तुही ऑर्डर, सही बाकी. म्हणे, आनंदराव, त्या कपाटातल्या एका पुस्तकापायी उद्या हे गोदाम बंद पडलं, तर तुह्या पोरासाठी मी सही कशावर करू?"

"काढून आण म्हणाला?"

"नाही. तेवढंच म्हणाला, आणि बाहेर फिरायले गेला. सगळ्यांले घेऊन गेला, चहाले. तू गेला होता ना? नानखटाई होती म्हणे."

नानखटाई होती. मी दोन खाल्ल्या होत्या.

"पुस्तक कुठं आहे बाबा?"

त्यानं चुलीकडे पाहिलं. मी ते आधीच ओळखलं होतं, तरी विचारलं. वाटत होतं एखादं पान तरी.

"तुही पाठ पाहिली आहे मी," बाबा म्हणाला. "गोरी आहे. एक चट्टा नाही. माह्या पाठीवर पोत्याची शिवण उमटलेली आहे. मले वाटलं, चंद्रभान तर तसाही जाणार. गाडी त्याच्याच हातात होती."

"आणि काका?"

तो हुक घासत राहिला.

"उद्या कोर्टात चाल," मी म्हणलं. "जे मले सांगितलं ते सांग."

"साहेब म्हणन, मी कुठं सांगितलं? आणि खरंच, त्यानं सांगितलं कुठं?" मग हुक बाजूले ठेवून, "तू म्हणत असंन तर येतो."

मी म्हणायले पाह्यजे होतं. आतून आईनं आवाज दिला, भाकरी थंड होऊन राहिली. आम्ही दोघंही उठलो.

७

सोमवारी नऊ वाजता मी ते कुलूप आणि दोन्ही किल्ल्या महादेवरावांच्या टेबलावर ठेवल्या. वकिलाचा माणूस आला होता. प्रेमलता वहिनी दारात होती. शालिकराम काकांले मी स्वतः घेऊन आलो होतो. पार्टिशनच्या पलीकडे वजनकाट्यापाशी बाबा उभा होता.

"साहेब, गुरुवारी मी चूक बोललो. हे कुलूप दोन किल्ल्यांनी उघडते."

काकांची किल्ली घातली, फिरवली. मग दुसरी घातली, फिरवली. बाबाराव उठून उभा राहिला.

"काका चोर नाहीत," मी म्हणलं. "हे कुलूपच कुलूप नव्हतं. चूक माझी."

महादेवराव थोडेही हलले नाहीत. ती दुसरी किल्ली त्यांनी दोन बोटांत उचलली, उजेडात धरली. तंबाखूचा वास आला असंन त्यांले. मग पार्टिशनच्या पलीकडे पाहिलं, अगदी सावकाश, आणि परत माझ्याकडे.

"ही किल्ली कोणाची?"

मागं हमालांचा आवाज बंद झाला. बाबानं हातातला हुक खाली ठेवला. त्याचं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं असतं तर तो बोलला असता, हे मले आजही वाटते.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"माझी," मी म्हणलं.

"म्हणजे पुस्तक तू काढलं?"

"मी काढलं. मी जाळलं. लिहून घ्या साहेब. ट्रिपबुक कपाटात होतं आणि गोविंदानं चोरलं, असं लिहून घ्या, ह्या वकिलाच्या माणसासमोर."

हा माझा डाव होता. रात्रभर जोडला होता. चोर कोणीही असो, चोरी झाली एवढं जरी कागदावर आलं, तर पुस्तक होतं हे सिद्ध होईन. भाऊले तेवढा तरी आधार.

महादेवराव हसले.

"कोणतं पुस्तक?"

"ट्रिपबुक."

"ते ह्या म्हाताऱ्याच्या डोक्यात होतं. आता तुझ्याही डोक्यात आहे. मी काही पाहिलं नाही. जे नव्हतंच त्याची चोरी कशी होईन? मी तुले पोलिसात देत नाही बेटा. फक्त घरी जा. आणि शालिकराम, तुम्ही उद्यापासून या कामावर. बस, खतम."

साहेबानं किल्ली माझ्या हातात ठेवली. माझी बोटंही त्यानंच मिटली.

पार्टिशनच्या पलीकडे बाबानं वाकून हुक उचलला. समोर पोतं होतं, त्यात रुतवला. मुकादम असून त्यानं ते स्वतः पाठीवर घेतलं आणि ट्रककडे चालत गेला.

८

कोर्टाच्या पायऱ्यांवर वकिलाचा माणूस मले म्हणाला, "तुले उभं करून उपयोग नाही. तू चोरलं म्हणतो, जाळलं म्हणतो, कोणासाठी ते सांगत नाही. पाच मिनिटांत फाडतील तुले. म्हणतील, ड्रायव्हरचा दोस्त आहे, शिकवून आणला."

आठवड्याभरात निकाल लागला. दीड वर्ष.

भाऊले गाडीत चढवताना पोरीनं हात हलवला. तिले वाटलं, तो फेरीवर चालला. गाडी गेली तेव्हा वहिनी माझ्याजवळ आली.

"खोटं बोलला तू त्या दिवशी," ती म्हणाली. "कोणासाठी बोलला, तेही कळलं मले. मीही त्या दारात होती, काट्याकडे माहंही लक्ष होतं."

"वहिनी..."

"मी कोणाले सांगणार नाही. काहून माहीत आहे? सांगून माहा माणूस येत नाही, आणि तुही माय माह्यासारखी होईन. बस झाली एक." ती दोन पावलं गेली, परत वळली. "तू चोर नाही रे. चोराले निदान कुलूप तरी समजते."

काका कामावर परत गेले नाहीत. मी विचारायले गेलो तर म्हणाले, "ज्या कपाटाले दोन किल्ल्या असतात, त्याची जिम्मेदारी मी घेत नाही." चहा दिला. निघताना म्हणाले, "गोविंदा, मंगळवारी तू कॉप्या काढून राहिला होता, हे बाबारावनं सांगितलं. तुह्या टेबलावर कार्बन कोणी ठेवला, हे मी कोणाले विचारणार नाही. तूही मले कधी सांगजो नको."

मी आता कुठंच टाइप करत नाही. बाबा गोदामात जाते. त्याले काढलं नाही, काहून की साहेबाले तो तिथं पाह्यजे, डोळ्यासमोर. पेटीचं कुलूप मी काढून टाकलं, पेटी उघडीच असते. आई विचारते, काहून? मी म्हणतो, आपल्याकडे चोरण्यासारखं काय आहे वं?

दिवेलागणीले मेणबत्ती लागते. आई आम्हाले दोघांले बोलावते. बाबा पहिली ओळ म्हणते, मी जीव घेणार नाही. दुसरी ओळ येते, जे दिलं नाही ते मी घेणार नाही, आणि बाबा गप्प होते. ती आई म्हणते, मी म्हणतो. तिसरी तिघंही म्हणतो. मग चौथी येते, मी खोटं बोलणार नाही.

ती आई एकटीच म्हणते. बाबा चौथी कधीच म्हणत नाही आता, मी म्हणत नाही म्हणून. त्या ओळीले आईचा आवाज तेवढा राहते. ती एकदा थांबून आमच्याकडे पाहते, आणि मग आम्ही विसरलो असं समजून, जरा मोठ्यानं, परत पहिल्यापासून सुरू करते.